फ्रिजवरचे एकसष्ट बदाम

डार्विन (ऑस्ट्रेलिया), रविवार

ती. सरिताआत्यास,

सोहमचा वाकून नमस्कार (या उकाड्यात एसीसमोरून उठवत नाही, म्हणून बसूनच वाकलोय). गुडघा काय म्हणतो? क्लिनिकात गर्दी असेलच. मी मजेत. युनिव्हर्सिटी सोडल्याबद्दल बाबा जे सांगतात त्यातलं निम्मंच खरं धर.

तर मी यतीनदादाकडे भाड्याने राहतो, हे तुला माहीत आहेच. त्याचा घटस्फोट झालाय. मुलगा वेद, वय सात, आईकडे असतो आणि तिची, म्हणजे चित्राताईची, हॉस्पिटलात नाइट असली की इकडे झोपायला येतो. त्याला सोडायला येते त्याची मावशी, उर्वी. (आत्या, लगेच बाबांना फोन लावू नकोस.) ती दिसली की मी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लाल बदाम काढायचो. कुणाला काही त्रास नव्हता.

पण इथे पोराचा खर्च आईबापांत कसा वाटायचा ते सरकारी ऑफिस ठरवतं, आणि त्यासाठी ते रात्री मोजतं. मूल वर्षात बावन्न रात्री तुमच्याकडे झोपलं तर तुम्ही त्याला सांभाळता, एक्कावन्न झोपलं तर कागदोपत्री शून्य. दादाला पैशांपेक्षा ते शून्य झोंबत होतं. पुरावा मागितल्यावर त्याने भाबडेपणाने माझ्याच कॅलेंडरचे फोटो पाठवले, खाली टीप, "बदाम म्हणजे वेद आलेला." बदाम निघाले एकसष्ट! चित्राताई भडकली, खोटारडा म्हणाली. मग ऑफिसातल्या बाईंचा फोन. दादाने तो स्पीकरवर टाकला. बाई फार गोड. "एका मंगळवारी दोन बदाम आहेत, म्हणजे दोन रात्री का?" माझं डोकंच फिरलं. ओरडलो, "मॅडम, त्या दिवशी ती माझ्याकडे बघून हसली होती! दोनदा!" पलीकडे टकटक टायपिंग. मग, "नो वरीज, हेच प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या." दादा माझ्याकडे बघतच राहिला. "कोण, उर्वी? तुझ्याकडे बघून? अरे, टीशर्ट उलटा असेल तुझा."

लिहिलं. कुठला बदाम वेदचा, कुठला नुसता माझा, तारखांसकट. दहा माझे निघाले (मार्केटात दिसली, गाडीतून हात केला, वगैरे). उरले एक्कावन्न. एक कमी, आत्या! मी एक खोटा घुसडणार होतो, पण दादाने कागद ओढून घेतला आणि वेदच्या चादरीची घडी घालत बसला. चूक माझी, शून्य त्याला.

असो. गुडघा जप. काकांना नमस्कार.

तुझा,
सोहम

ता.क. प्रतिज्ञापत्रावर साक्षीदाराची सही लागते. या देशातल्या डॉक्टरची चालते, म्हणजे तुझीही, व्हिडिओवरसुद्धा. फार्मसिस्टचीही चालते, पण आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात फार्मसिस्ट उर्वीच आहे. तेवढं तू कर. वाचताना हसू नकोस.

ता.क. २. घोळ झाला. दादाला धीर कुठला! तो कागद आणि कॅलेंडर घेऊन थेट तिच्याच दुकानात गेला. तिने काउंटरवर उभ्याने सगळं वाचलं. सही केली नाही, "मी घरची, बाहेरच्या कुणाची तरी घ्या" म्हणाली. मग लाल पेन काढून चौदा मार्चवर एक बदाम काढला. "त्या रात्री मी वेदला सोडून गेले होते. सोहम सोफ्यावर घोरत होता. हे मी ऑफिसला लिहून देते." बावन्न! दादाने पाच वेळा मोजले. सही तुझीच हवी आहे. आणि आत्या, तिला नुसती टिक करता आली असती, हे तुझ्या लक्षात आलं ना?