प्रथमश्रेणी मंडळाचा सत्कार-समारंभ

डोंबिवली,
गुरुवार, १ जुलै १९५४

तीर्थरूप गुरुदत्तमामांच्या चरणी त्र्यंबकचा साष्टांग नमस्कार.

आपला खोकला उतरला असेल आणि मामींचा गुडघा पावसाची वर्दी द्यायचा थांबला असेल, अशी आशा आहे. आम्ही सगळे ठीक. मी मात्र ठीक नाही, आणि त्याला थोडं कारण आपणही आहात.

आपण सांगितलंत म्हणून मी प्रथमश्रेणी मंडळाचा चिटणीस झालो. पहिल्या वर्गात मॅट्रिक झालेले आम्ही अकरा जण. (पहिल्या वर्गात पास होण्यापलीकडे कोणी काही केल्याची नोंद दप्तरात नाही.) यंदा नवीन सभासद एकच : शेवंती भोईर. वडील धाकू, खाडीपलीकडे मिठागरावर कामाला. होडीने इकडच्या शाळेत येऊन त्या गावातून मॅट्रिक झालेली ही पहिलीच.

रविवारी चार वाजता तिचा सत्कार ठेवला. बापलेक साडेतीनलाच येऊन पुढे बसले. आमच्या सभासदांनी ठरवलं, की मुलीला मंडळाची थोरवी कळावी म्हणून आधी जुन्यांनी आपापलं यश सांगावं. सुधीर प्रधानांनी चार गुणांनी हुकलेली शिष्यवृत्ती पाऊण तास सांगितली. (ती हुकून वीस वर्षं झाली.) मग अध्यक्ष कारखानीस वकिलांनी कॉलेजात बक्षीस मिळालेला आपला निबंध पिशवीतून काढला आणि अख्खा वाचला. विषय : मितभाषणाचे फायदे. मी दोनदा घड्याळ दाखवलं. त्यांनी ते पाहून किती वाजले ते सभेला सांगितलं आणि पुढे वाचू लागले.

साडेसहाला धाकू माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मास्तर, वोटी लागली का होरी चिखलान बसल. आमी निंगतो." ओहोटीत होडी रुतायच्या आत दोघं गेली. पंधरा मिनिटांनी अध्यक्षांनी तिचं नाव पुकारलं. कोणी उठेना. शालीची घडी मोडलीच आहे, तर वाया कशाला, म्हणून प्रधानांनी ती अध्यक्षांना पांघरली. टाळ्या झाल्या. मामा, मीही वाजवल्या. त्याचा राग अजून जात नाही.

सोमवारी रजा काढून, बक्षिसाचा शब्दकोश धोतराच्या सोग्यात गुंडाळून मी होडीने त्यांच्या गावी गेलो. पावसाळ्यात मिठागर बंद, म्हणून तिथल्या रिकाम्या छपरीत शेवंती चौदा पोरांना अंकलिपी शिकवत होती. गावात शाळा नाही. शब्दकोश तिने दोन्ही हातांनी घेतला आणि साधेपणाने विचारलं, "मास्तर, मंडळात आल्यावर काय करायचं असतं?"

"वर्षातून एकदा जमायचं," मी म्हणालो.

"आणि मग?"

मी चहा प्यालो. मंगळवारी चिटणीसपदाचा राजीनामा दिला. तो सभेत वाचून दाखवावा, असा ठराव झाला आहे.

मामींना नमस्कार, चि. उत्तराला आशीर्वाद.

आपला,
त्र्यंबक

ता. क. शेवंतीला शिक्षिका व्हायचं आहे. ठाण्याच्या ट्रेनिंगच्या वर्गात आपल्या शब्दाने तिला जागा मिळेल. राहण्याची सोय आपल्या माजघरात होईल. मामींना मी काल, आपण घरी नसताना, भेटून विचारलं, त्या हो म्हणाल्या. (गुडघाही आता गप्प आहे.) आपल्याला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

पुन्हा ता. क. बापलेक रविवारी सकाळी ट्रंकेसह आपल्याकडे येत आहेत. हे पत्र शनिवारी संध्याकाळच्या टपालाने मिळेल अशा बेताने टाकतो आहे, म्हणजे आपल्याला उलट टपाली नकार लिहिण्याची तसदी नको.