खण उलटे करून पाहावेत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, अविवाहित, धंदा सुतारकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा धाकटा भाऊ शंका काढणार, हे मी त्याला पाळण्यापासून ओळखते. कोणाचेही दडपण नाही. मंगळवारी पोटाचे ऑपरेशन आहे, तेवढीच घाई. यापूर्वीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती लिहिली तेव्हा आत्याबद्दल खरे काय ते मला ठाऊक नव्हते.

कलम एक. तळमजल्यावरचा कारखाना, मागची खोली आणि सगळी हत्यारे, म्हणजे रंधे, करवती, पटाशा, धार लावायचे दगड, ही धाकट्याच्या मुलीला, माझ्या भाचीला द्यावीत. तिला सगळे भिंगरी म्हणतात आणि दुसऱ्या नावाने हाक मारली तर ती वळूनही पाहत नाही. धाकट्याने ही हत्यारे भंगारात घालून खाली तयार सोफे मांडायचे मनात धरले आहे. तसे करण्याचा त्याला कोणताही हक्क राहणार नाही.

हे कलम ऐकताच तो काय म्हणेल ते मी इथेच लिहिते, म्हणजे त्याचा त्रास वाचेल. "ताई, मुलीच्या हातात पटाशी देऊ नकोस. आपल्या आत्याचं काय झालं ते विसरलीस का?"

विसरेन कशी? या घरात आम्हाला जेवणाबरोबर ते वाढले गेले. बाबांच्या थोरल्या बहिणीने हट्टाने पटाशी हातात घेतली, हात कापला, धनुर्वात झाला आणि सतराव्या वर्षी ती गेली. मी कारखान्याच्या दारात उभी राहिले की बाबा एवढेच म्हणायचे, "आत्या आठव." झाले, मी आपली घरात. बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हा कुठे मला आत घेतले, तेही अडला हरी म्हणून. तोवर मी चाळिशीला टेकले होते. माझी उमेदीची सगळी वर्षे भुसा झाडण्यात गेली.

(मध्येच उठून पाणी पिऊन आले. बसवत नाही.)

काम कमी केल्यावर मला एवढेच हवे होते की आत्याच्या फोटोखाली तारीख लिहावी. म्हणून दप्तरखान्यात गेले. मृत्यूच्या नोंदींत ती नाही. त्या वर्षी नाही, मागे नाही, पुढे नाही. दवाखान्याच्या जुन्या वह्यांतही नाही. दप्तरखान्याच्या बाई म्हणाल्या, "अहो, नोंद नाही म्हणजे माणूस मेलंच नाही असं थोडंच? नोंदी गळतात कधी कधी." पटले, पण चैन पडेना. काही वर्षे मी त्या खोलीत ठाण मांडून बसले. धाकटा म्हणे, "जुनी मढी उकरून तुला काय मिळणार?" मी म्हणे, "मढं सापडू तर दे आधी!"

आणि गेल्या महिन्यात सूचीच्या कपाटाचा एक खण अडकला. तो रोजच अडकायचा. त्या दिवशी मात्र माझा हात शिवशिवला. पूर्ण बाहेर ओढला आणि मेण घासायला उलटा केला. बाई ओरडल्या, "अहो अहो, सरकारी कपाट आहे ते!"

खणाच्या बुडाला पेन्सिलीने कावळ्याचा पाय काढलेला होता.

आमच्या कारखान्याचा शिरस्ता असा, की खण ज्याने केला त्याने बुडाला आपली खूण करायची, म्हणजे तक्रार आली तर कान कोणाचा पिळायचा ते कळते. आजोबांच्या दोन आडव्या रेघा, बाबांची फुली. आणि कावळ्याचा पाय आत्याचा. आमच्या घरच्या जुन्या कपाटाच्या खालच्या खणावर तो आहे. "तिचा शेवटचा खण," असे बाबा सांगत. पण दप्तरखान्याचे ते कपाट आमचे नाही. त्याच्यावर पितळी पट्टी आहे नदीपलीकडच्या कारखान्याची आणि साल आहे आत्याच्या "मरणा"नंतर पाच वर्षांचे. मी एकेक करून सगळे खण उलटे केले. निम्म्यांवर तिची खूण. सांधे असे, की नख शिरणार नाही.

मी सुतार! इतकी वर्षे तोच खण उघडून त्यातले कागद धुंडाळत बसले आणि खण काही पाहिला नाही. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

ती मेली नव्हती. भांडून गेली, की कोणाबरोबर गेली, ते मला माहीत नाही. पूल ओलांडून गेली आणि तिथे खण करीत राहिली, एवढे नक्की. आणि बाबांना ते ठाऊक होते. पलीकडचे गिऱ्हाईक आले की ते माणूस धाडत, स्वतः जन्मात पुलावर पाऊल ठेवले नाही. मला वाटे, पाण्याला भितात. मला बाबांचा राग येतो. फार येतो. आणि ते भांडायला जागेवर नाहीत.

कलम दोन. वरचा मजला धाकट्याला, एका अटीवर. त्याने भिंगरीला समोर बसवून स्वतःच्या तोंडाने सांगायचे, की आत्या पटाशीने मेली नाही. यापुढे या घरात कोणी कोणत्याही मुलीला ती गोष्ट सांगितली, तर वरचा मजलाही भिंगरीचा. धाकट्या, तू वाईट नाहीस. तुलाही तेच वाढले होते. पण आता ताट बाजूला सार.

कलम तीन. घरचे जुने कपाट, आत्याच्या खणासकट, तिची मुले-नातवंडे सापडल्यास त्यांना द्यावे. सापडेपर्यंत भिंगरीने सांभाळावे, आणि शोधही तिनेच करावा. भिंगरे, नुसते कागद वाचत बसू नकोस. पलीकडच्या शाळा, दवाखाने, कचेऱ्या, जिथे जुने लाकूड दिसेल तिथे परवानगी माग आणि खण उलटे कर. शेवटची खूण कोणत्या सालची, ते मला हवे आहे. मी असेन किंवा नसेन, मला हवे आहे.

कलम चार. आत्याच्या फोटोखाली तारीख लिहू नये. जागा मोकळी ठेवावी.

कलम पाच. हे मृत्युपत्र त्याच खालच्या खणात ठेवले आहे. बुडाला तिच्या खुणेशेजारी जागा आहे. भिंगरीने तिथे आपली खूण करावी, पण आधी स्वतःचा एक खण करून दाखवावा. फुकटची खूण चालणार नाही.

वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून सही केली.

साक्षीदार एक: शेजारचा कुलूपवाला. सही केली, ऑपरेशननंतर हा कागद फाडून टाकू म्हणाला.

साक्षीदार दोन: दप्तरखान्याच्या बाई. सही करून पेन परत देताना म्हणाल्या, "दप्तरखान्याच्या वरच्या माळ्यावर तसलंच आणखी एक कपाट आहे हो. कुलूप गंजलंय त्याचं." मी कुलूपवाल्याकडे पाहिले. तो हत्यारे घेऊन येतो म्हणाला.

ठिकाण: कारखान्यामागची खोली.
तारीख: ८ फेब्रुवारी, शनिवार. दप्तरखाना सोमवारी उघडतो. ऑपरेशन मंगळवारी आहे. वेळ आहे.