शेऱ्याची चाबी

३ जाने.
मोताळ्यात थंडी मरणाची. बाबांचा कॉम्प्युटर शेवटी बसलाच. गुरुजी म्हणून केलेल्या गावोगावच्या जन्मपत्रिका त्यात. नशीब, डिस्क वाचली. आता सगळं क्लाउडवर टाकते. बॅकअप, देखभाल कंपनीच पाहील. ऑफिससाठी रोज हेच करते, बापासाठी आत्ता सुचलं.

"मंग ते कंपनीवाले वाचतीन का?"
"नाही हो बाबा, कुलपात असते."
"अन् तू?"
मी चहा प्याले.

त्यांना भीती शेऱ्याची. प्रत्येक पत्रिकेखाली एक रकाना, लोकांनी विश्वासाने सांगितलेलं तिथे. दुखणं, मोडलेली सोयरीक. एकाचं दुसऱ्याला कधी सांगितलं नाही त्यांनी. आईलाही नाही.

५ जाने.
डेटाबेस उभा. सर्व्हर मुंबईचा. पत्रिका चढवल्या. नावं तपासताना प्र. दिसला, साखरखेर्ड्याचा. रविवारी ज्याला हो-नाही कळवायचंय तोच. आवडलाय, खोटं कशाला लिहू. पण त्याचं एकदा ठरून मोडलं, का ते कुणी बोलत नाही. बाबा तर स्थळ आल्यापासून मुके. पत्रिका त्यांनीच केलेली, म्हणजे त्यांना माहीत असणार.
शेरा उघडला नाही. लॅपटॉप मिटला.

६ जाने.
आईला कळलं. "पाह्य न वं! चाबी तुह्याच हातात हाये. जन्माचा प्रश्न हाये, काऊन हरिश्चंद्राची लेक झाली?"
तिच्यावर ओरडले. बोट माझंही शिवशिवतंय, म्हणूनच.

७ जाने.
शेरा फक्त बाबांना दिसेल असं केलं. पण खात्याची मालकीण मीच. सोडलेला हक्क परत घ्यायला कितीसा वेळ! म्हणून अख्खं खातंच बाबांच्या नंबरवर केलं. पासवर्ड त्यांनी एका बोटाने टाकला, मी भिंतीकडे तोंड करून.
आई: "येडी हाये पोरगी."

८ जाने.
बाबा पूजेचं तबक घासत होते. न राहवून विचारलं, "बाबा, हो म्हणू का?"
"गुरुजीले इचारून राह्यली का बापाले?"
"बापाले."
घासलेलं तबक पुन्हा घासलं. मग वर न बघता, "त्याले बोलाव. तुह्यासमोर बसून त्यालेच सांगू दे."

सांगू दे! म्हणजे सांगण्यासारखं काही आहे. की कुठलाही बाप असंच म्हणेल... पण बाबांच्या तोंडून उगाच शब्द निसटत नाही. आज निसटला, की माझ्यासाठी सोडला?

प्र.ला मेसेज टाकला: रविवारी एकटाच ये. वाचलाय त्याने. उत्तर नाही अजून.