खिंडीपलीकडची तारीख

९ ऑक्टोबर

आमच्या कन्येने मेहुण्यांना फोनवर सांगितले, "बाबा रागावून डोंगरात निघून गेले." साफ चूक! मी रागावलो नव्हतो आणि निघून तर मुळीच गेलो नाही. तिने स्वतः मला पायथ्याशी गाडीने सोडले. वस्तुस्थिती अशी : मी एकटा राहू शकतो की नाही, हा वाद वर्षभर चालू होता. अखेर ठरले — ही डोंगरवाट एकट्याने पुरी करून अठरा तारखेला पलीकडच्या बसथांब्यावर उतरलो, तर ती हा विषय पुन्हा काढणार नाही. न जमल्यास मी निमूटपणे तिच्याकडे राहायला जायचे. "आणि घर विकायचं. कबूल, बाबा?" "कबूल." असा हा करार आहे. उभयपक्षी.

१० ऑक्टोबर

चढ. दिवसभरात एक जोडपे तेवढे भेटले. मला मागे टाकताना बाई थांबल्या. "मी यांना बोल्ले, काका एकटेच दिसतायत."

"'बोल्ले' नव्हे, 'म्हटले'," मी सांगितले.

"घ्या! इथंही शाळा भरली!" नवरा हसला.

"सांभाळून हं, काका," बाई म्हणाल्या. त्यांच्या काठ्यांचा आवाज वळणाआड गेला. पुढे बराच वेळ मी उगाचच भरभर चाललो.

११ ऑक्टोबर

ओढा ओलांडताना मोबाइल पाण्यात पडला. कायमचा बंद! किल्लीचे मनगटी घड्याळ मात्र चालू आहे.

१२ ऑक्टोबर

निवाऱ्याच्या भिंतीवर पाटी : 'सुचना – दार लाऊन घ्यावे.' चाळीस वर्षे मुद्रितशोधन केलेल्या माणसाला अशा खोलीत झोप कशी लागावी? पेन्सिलीने 'सू' दीर्घ केला, 'लावून' केले. छान दिसू लागले. दाखवायला कोणी नाही. ही असती तर म्हणाली असती, "झालं समाधान? आता चहा घ्या."

१३ ऑक्टोबर

धुके. दारातून समोरची पायरीही दिसत नाही. खिंडीखालच्या निवाऱ्यात थांबलो आहे. अंगात कणकण आहे. मघाशी स्वतःशी मोठ्याने बोललो — घसा चालतो का, ते पाहण्यासाठी, एवढेच.

१४ ऑक्टोबर

ताप उतरला! गाढ झोप लागली असावी. बाटली रिकामी आहे. रात्री प्यायलो असेन. घड्याळ बंद पडले होते. उन्हावरून अंदाजाने लावले.

१५ ऑक्टोबर

खिंड ओलांडली! वर फक्त वारा आणि मी. इतका आनंद झाला की कोणाला तरी हाक मारावीशी वाटली. कोणाला? — उतरताना गुडघे कुरकुरले, पण घर राहिले! गेल्यावर दारांना रंग द्यायचा. हिरवा.

१७ ऑक्टोबर

उद्या! दाढी करूनच उतरेन. कन्येला बोलायला जागा नको.

१८ ऑक्टोबर

दिवेलागणीपूर्वी बसथांब्यावर पोहोचलो. कन्या बाकावरून उठून धावतच आली. कपडे चुरगळलेले, डोळे सुजलेले.

"बाबा! कालपासून इथंच बसलेय मी. आता माणसं पाठवणार होते शोधायला!"

"काल कशासाठी? आज ठरलं होतं."

"अठराला ठरलं होतं. आज एकोणीस आहे."

मी हुज्जत घातली. तिने मोबाइल दाखवला. यंत्र चुकू शकते. चहावाल्याने वर्तमानपत्र पुढे केले. एकोणीस. मुद्रणदोष असावा, असे क्षणभर वाटले.

"जाऊ द्या ना," ती माझी पाठपिशवी उचलत म्हणाली. "एका दिवसाच्या उशिरानं काय बिघडतंय? एकट्यानं पार केलीत. जिंकलात तुम्ही! घराचं नाव नाही काढणार परत."

तिला वाटते, मला उशीर झाला.

मी "हं" म्हटले.

२० ऑक्टोबर

सकाळी तिला सांगितले, "उशीर नाही झाला गं. एक दिवस माझ्याकडे नाहीच." ती शेजारी येऊन बसली. घर विकायला काढ, असे मीच म्हणालो.

मागील नोंदी पुढीलप्रमाणे वाचाव्यात :

'१८' नव्हे, १९.
'१७' नव्हे, १८.
'१५' नव्हे, १६.
'१४' नव्हे, १५.
१४ ऑक्टोबर : माहीत नाही.