हैदराबादला पहिल्यांदा जाताना

बाबा, आपल्या शेजारी जे नवीन बिऱ्हाड आलंय, त्यातली सून आज सकाळी माझ्याकडं आली होती. तुम्ही असताना त्या जागी नुसतं बाभळीचं रान होतं, त्यामुळं ही माणसं तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. तिच्या नवऱ्याच्या हृदयाची झडप बदलायचीय. दोघंच उद्या हैदराबादला निघालेत. पोरगी पोखर्णीची. परभणीच्या पुढं कधी गेलेली नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी टेकली आणि म्हणाली, "मावशी, तुमी लय वर्षं तिकडं ऱ्हायलाव म्हणं. कसं ऱ्हावं तिथं, सांगा की जरा." मी भाकरी थापत होते. तवा उतरवला, हात पुसले आणि सांगायला बसले. म्हटलं, गाडीतून उतरल्यावर घाई करू नका, गर्दी ओसरू द्या. दवाखान्यातले कागद नवऱ्याच्या हातात देऊ नको, तुझ्यापाशी ठेव. सकाळी रांगेला लागायच्या आधी खाऊन घ्या, रांगेतून उठता येत नाही. दोघं एकाच वेळी झोपू नका. हिंदी बोलायला लाजू नको, आपली हिंदी त्यांना कळते आणि त्यांची आपल्याला. ती मान डोलवत होती. मग म्हणाली, "फोनमधी रस्ता दिसतो म्हणं." मी म्हटलं, "दिसतो ना. पण रस्त्याच्या मधी उभं राहून फोनात बघायचं न्हाई. आधी भिंतीकडं सरकायचं, मग इचार करायचा." आणि बोलून गेल्यावर माझं मलाच ते ऐकू आलं. इतकी वर्षं दवाखान्यात नोकरी करून माझी बोली पार धुवून निघालीय, असं सगळे म्हणतात. पण हे भिंतीचं वाक्य जसंच्या तसं तुमच्या तोंडचं होतं.

मी नर्सिंग शिकायला हैदराबादला निघाले त्याच्या आदल्या दिवशी तुमचा डबा घेऊन जिनिंगवर आले होते, आठवतं? तुमच्या भुवयांवर, पापण्यांवर कापूस बसलेला. आत यंत्रांच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून तुम्ही मला बाहेर, बांधून ठेवलेल्या गाठींच्या सावलीत घेऊन गेलात. आईनं दोन दिवस तुमच्याशी अबोला धरला होता. माझ्यासाठी आलेलं मानवतचं स्थळ चांगलं होतं, आणि तुम्ही मात्र पोरीला परमुलखात पाठवायला निघालेले. "लगीन काय पळून जायलंय का?" एवढंच तुम्ही तिला म्हणाला होतात. त्या सावलीत बसून, भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून, तुम्ही मला शहर शिकवलंत. लग्नाआधी तुम्ही हैदराबादला इमारतींच्या कामावर दोन वर्षं होता, त्यामुळं आपल्या घरात त्या शहराचे जाणकार तुम्हीच.

"जो आपून होऊन जवळ येतो आन् रस्ता सांगतो, त्याच्यामागं जायचं न्हाई," तुम्ही म्हणालात. "दुकानदाराला इचारायचं. दुकान कुटं पळून जात न्हाई. रस्ता कळंना झाला तर मधी उभं ऱ्हायचं न्हाई, आधी भिंतीकडं सरकायचं, मग इचार करायचा. जाताना मदी-मदी मागं वळून बघायचं, येताना रस्ता येगळाच दिसत असतो. आन् आपली चुकामूक झाली तर तू जागची हालायचं न्हाई. मी हालन. दोगंबी हाललो तर जलमभर सापडनार न्हाई."

मी हसले होते. सेलूच्या बाजारात वाढलेल्या पोरीला गर्दीचं काय, असं वाटलं असेल.

मग ते शहर. आजही डोळे मिटले की मी काचीगुड्याच्या स्टेशनाबाहेर उभी आहे. तुमच्या खांद्यावर माझी पत्र्याची पेटी, माझ्या हातात आईनं शेवटी न बोलताच बांधून दिलेल्या धपाट्यांचं गाठोडं. बस येते. आपण दोघं मागच्या दारानं चढायला जातो, तर कंडक्टर मला हातानंच पुढं पिटाळतो. तिथं बाया पुढनं चढतात, गडी मागनं. हे तुम्हालाही ठाऊक नसावं, कारण तुम्ही गडबडलात. "जा, जा पुढं, माझ्याकडं बघत ऱ्हा," तुम्ही ओरडलात. मी बघत राहिले, पण मधे माणसांची भिंतच उभी राहिली. कुठल्यातरी स्टॉपवर कंडक्टर काहीतरी ओरडला, शेजारच्या बाया उतरायला लागल्या, मला वाटलं हेच आपलं ठिकाण, आणि मी त्यांच्या रेट्याबरोबर खाली. वळून बघते तर बस निघालेली. मागच्या दारात तुम्ही. पेटी एका हातात, दुसरा हात बाहेर काढलेला, तोंड उघडं. आवाज ऐकू आलाच नाही.

बाबा, मला बसच्या मागं पळायचं होतं. पाय उचललाही होता. मग तुमचं वाक्य आठवलं आणि मी एका बांगड्यांच्या दुकानाच्या भिंतीला जाऊन चिकटले. एक माणूस आला, "किधर जाना है बेटी?" म्हणाला. चांगलाच असेल तो, आता वाटतं. मी तोंड फिरवलं. रिक्षा, हातगाडे, स्कुटरी, सगळं समोरून वाहत होतं आणि त्यात एकही चेहरा ओळखीचा नाही. आपल्या गावात असं कधी होत नाही, कोणीतरी "कुनाची गं तू?" विचारतंच. बांगडीवाल्या म्हाताऱ्या बाईनं मला आतून स्टूल आणून दिलं. मी बसले नाही. बसले तर तुम्हाला दिसणार नाही, अशी भीती.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. तुम्ही आलात तेव्हा दुकानातले दिवे लागायचे होते, एवढं खरं. रस्त्याच्या कडेकडेनं, माणसांना धक्के देत, खांद्यावर पेटी, पायात एकच चप्पल. दुसरी तुटलेली हातात. पेटी आदळलीत आणि भर रस्त्यात माझ्यावर ओरडलात, "माझ्याकडं बघत ऱ्हा म्हनून सांगितलं व्हतं का न्हाई? आं? व्हतं का न्हाई?" बांगडीवाली बाहेर आली. "जाने दो भई, बच्ची हिली भी नहीं यहाँ से," म्हणाली. तेव्हा तुम्ही त्याच पेटीवर मटकन खाली बसलात. धाप लागली होती. मग खाली बघतच हळू म्हणालात, "हालली न्हाईस. लय चांगलं केलंस."

त्या बाईनं चहा मागवला. तुम्ही तो बशीत ओतून दोन घोटांत संपवलात. चहा झाल्यावर तुम्हीच सांगितलंत. हैदराबादेत होतात ती दोन वर्षं मुकादम सगळ्यांना ट्रकमधून कामावर न्यायचा, ट्रकमधून आणायचा. एकट्यानं तुम्ही एकदाच बाहेर पडला होतात, तंबाखू आणायला, आणि रस्ता चुकलात. "मंग?" मी विचारलं. "एक फळवाला व्हता. त्यानं आपल्या गाड्यापाशी बसवून ठेवलं. म्हनला, बैठे रहो, तुम्हारे लोग आयेंगे. दुसऱ्या दिशी आले." तुम्ही हसलात. "म्या शहर तेवडंच बघितलं, बाई. त्या गाड्यापासून जेवडं दिसलं तेवडं."

मग दुकानदाराला विचारत विचारत आपण होस्टेलला पोचलो. फाटकाच्या आत गड्यांना मनाई. तुम्ही पेटी आत सरकवलीत, माझ्या डोक्यावरून हात फिरवलात आणि "येतो बाई" म्हणून वळलात.

त्यानंतर तुम्ही त्या शहरात परत आला नाहीत. मी सुटीत यायचे, तुम्ही सेलूच्या स्टेशनावर उभे असायचात, गाडी कितीही उशिरा येवो. तुम्ही गेलात तेव्हा मी ड्युटीवर होते. आले तोवर विहारात माणसं जमली होती. पुढं हैदराबादच्याच एका दवाखान्यात मी उभं आयुष्य काढलं. आपल्याकडची माणसं खूप यायची, परभणीची, जिंतूरची, नांदेडची. गर्दीत कुणी "कुटं जायलाव?" म्हटलं की मी हातातलं काम सोडून वळायचे. धोतर-टोपीतला कुणी म्हातारा मधेच थांबलेला दिसला की त्याला हळूच भिंतीकडं घ्यायचे. "बाबा, इथं बसा, हालू नका, तुमची माणसं मी आणते," म्हणायचे. 'बाबा' म्हणायला मिळायचं तेवढंच.

आज त्या पोरीनं उठताना विचारलं, "मावशी, भ्या वाटतं का हो तिथं?" मी म्हटलं, वाटतं. पहिल्या दिवशी लय वाटतं. ती जराशी हसली. खोटं सांगितलं असतं तर तिला कळलं असतं. पुढचं मात्र मी तिला सांगितलं नाही, कुणालाच कधी सांगितलं नाही. हे पत्रही कुठं जाणार नाही, म्हणून इथं लिहिते.

तुम्ही फाटकापासून वळलात, तशी मी पेटी तिथंच टाकून तुमच्या मागं निघाले होते. तुम्ही पायीच चालला होतात, मीही मागं पायीच, पार स्टेशनापर्यंत. चहाच्या गाड्याआड उभी राहून तुम्हाला बघत होते. संध्याकाळची गाडी लागलेली होती. तुम्ही डब्यात चढलात आणि लगेच खाली उतरलात. पुन्हा चढलात, पुन्हा उतरून शहराकडं तोंड करून उभे राहिलात. गाडीनं शिट्टी दिली तेव्हा कुठं दांडी धरून चढलात. बाबा, अजून एकदा उतरला असतात ना, तर मी गाड्याआडून पुढं आले असते आणि तुमच्याबरोबर घरी आले असते.