खाट एक, माणसं दोन

भिवंडी,
शनिवार, दुपार

प्रिय मृणाली,

पाकीट बघून तू म्हणशील, या सुचेताला मोबाइल दिलाय कशाला! पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी विषय काढला की 'असू दे गं' म्हणतेस आणि माझ्या गुडघ्याची चौकशी करतेस. कागदाला असं मध्येच तोडता येत नाही, म्हणून जेवणं उरकून लिहायला बसले आहे.

काल संध्याकाळी तुझ्या दवाखान्यात गेले होते. पाटीवर काहीही असो, मी तुझाच म्हणणार. यंत्रमागाच्या बंद शेडमध्ये दवाखाना काढणार म्हणालीस तेव्हा आम्ही सगळ्यांनी तुला वेड्यात काढलं होतं. काल आठला दिवसपाळी सुटली आणि केसांवरचा कापूस झटकत माणसं रांगेत येऊन उभी राहिली. बारा तास लूमपुढे उभा असणारा माणूस सकाळी अकरा वाजता डॉक्टरकडे येणार कसा, हे या शहरात आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. रात्री आठ ते दहा दवाखाना उघडा ठेवणारी वॉर्ड अधिकारी मी तरी दुसरी पाहिली नाही. घरची दोन गोदामं भाड्याने गेलेली, बसून खाता आलं असतं तुला. पण बसणं तुझ्या पत्रिकेतच नाही.

लॉकडाऊनमध्ये राघोच्या चाळीत आपण दोघी गेलो होतो, आठवतं? लूम थांबले होते आणि एकेका खोलीत पंधरा-सोळा माणसं उभी होती. शिवपूजन नावाचा तो माणूस म्हणाला, "मैडम, खाट एक है, हम दो हैं. मैं रात को सोता था, वो दिन में. अब दोनों घर पे हैं." मला आधी हसू आलं, खरं सांगते. तू हसली नाहीस. तिथून तडक माझ्या शाळेत आलीस, वर्ग उघडा म्हणालीस, आणि किल्ली सापडेना तेव्हा कोन गावाहून तुझ्या केसरीनाथकाकांना बोलावून कुलूप तोडायला लावलंस. काका कुलपावर घाव घालता घालता मला म्हणाले, "बाई, तुमी बाजूला व्हा. ही पोर कोनाचा आयकत न्हाय." दोन महिने माझ्या सातवीच्या वर्गात माणसं आडवी झोपली. फळ्यावर मी दशांश अपूर्णांक लिहून ठेवले होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

साथ ओसरली आणि लोक मास्कबरोबर सगळंच विसरले. तू तेवढी विसरली नाहीस. दवाखान्यासाठी माणसं मोजायची ठरली तेव्हा आम्हा शिक्षकांना बसवून तू सांगितलंस, प्रत्येक खोलीत दोनदा जायचं, सकाळी अकराला आणि रात्री नऊला. नुसतं विचारून यायचं नाही, कारण घरमालकाच्या धाकाने भाडेकरू निम्मीच माणसं सांगतात. डोळ्यांनी बघायचं आणि नावं लिहायची. सगळे कुरकुरले. मी सगळ्यांत जास्त.

आता मुद्द्यावर येते. राघोची चाळ माझ्या वाट्याला होती. सकाळची फेरी मी नीट केली, रात्रपाळीहून येऊन झोपलेल्यांना उठवून नावं घेतली. रात्रीच्या फेरीच्या दिवशी घरी गौरी यायच्या होत्या. पुरणाची डाळ शिजत होती, पाय भरून आले होते, आणि मी स्वयंपाकघरात बसून दुसऱ्या रकान्यात एकेक करत 'तीच माणसे' लिहून टाकलं. खाली सही केली. एवढ्याने काय बिघडतंय, म्हटलं.

बिघडलं ते तुझं. मोजणीत त्या चाळीत दिवसपाळीचं माणूसच नाही, आणि तुझ्या दवाखान्याच्या वहीत रोज रात्री तीस-चाळीस नावं. म्हणजे पेशंट खोटे, मग औषधं गेली कुठे, असा अर्ज कुणीतरी केला. त्या अर्जावर बैठक झाली, तिथे मागच्या खुर्चीवर मी होते. तुझ्यासमोर माझे कागद होते, माझी सही होती, माझं अक्षर तर तू आठवीपासून ओळखतेस. तू म्हणालीस, "मोजणी माझ्या देखरेखीखाली झाली. चूक माझी." माझ्याकडे नुसतं पाहिलंही नाहीस. आणि मी गप्प बसले, कारण जूनमध्ये मुख्याध्यापिकेची जागा माझी आहे.

आठवीत तू माझी गणितं उतरवायचीस, चुकलेलीसुद्धा. एकदा दोघींची एकच चूक सापडली आणि आनंदीबाईंनी विचारलं, कुणी कुणाचं उतरवलं? तू ताडकन उभी राहिलीस आणि तळहातावर दोन पट्ट्या खाल्ल्यास. मुळात चुकलं कुणाचं, हे बाईंनी विचारलंच नाही. मीही सांगितलं नाही. तुझा मला हेवा वाटायचा गं, तेव्हाही. मी पहिली यायचे आणि मुली तुझ्यामागे जायच्या. आज कळतं, त्यांचं बरोबर होतं.

या आठवड्यात मी राघोच्या चाळीत पुन्हा गेले, तू सांगितलं होतंस तशी, दोनदा. सकाळी दोनशे अकरा माणसं. रात्री एकशे अठ्ठ्याण्णव, त्याच खोल्या, त्याच खाटा, पण एकही नाव सकाळचं नाही. शिवपूजनने मला ओळखलं. "टीचरजी, इस बार रात को भी आईं?" म्हणाला. मी त्याचं नाव दुसऱ्या रकान्यात लिहिलं.

नव्या मोजणीचे कागद आणि दोन वर्षांपूर्वी मी काय केलं त्याचं माझ्या सहीचं निवेदन काल सकाळी पालिकेच्या कचेरीत दिलं. पोच सोबत जोडली आहे. जूनचं जे व्हायचं ते होईल. रात्रीचा दवाखाना बंद होता कामा नये, आणि तुझ्या नावाला डाग लागता कामा नये. सोमवारी त्या अर्जाची चौकशी आहे, तिथे तू नेहमीसारखं सगळं अंगावर घेशील, म्हणून हे पत्र आजच तुझ्या घरी पोचतं करते आहे. मोजणी कुणाची, असं विचारलं की तू बसून राहा. या वेळी मी उभी राहणार आहे.

तुझीच,
सुचेता