सहकुटुंब नकाशा मेळावा

विश्रामबाग, सांगली
मंगळवार

ती. नाथाजीमामा,

कृ. सा. न. वि. वि. (ही अक्षरं आईने घालायला लावली. मला ती गाडीच्या नंबरसारखी वाटतात, पण त्यात साष्टांग नमस्कार आहे म्हणे, तर तो घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? चंद्रामामींची शुगर? ऊसतोडीला टोळी आली का? आम्ही सगळे ठीक. आता तुमच्या मनात येईल, या वीरधवलला मराठीत तीन वाक्यं लिहायची म्हटली की ताप यायचा, आज हा पानंच्या पानं कशी काय लिहितोय. फोन का नाही केला ते खाली येईलच.

तुम्हाला माहीतच आहे (नाही माहीत, दिवाळीत सांगायला लागलो तेव्हा तुम्ही झोपलात) की मी इंटरनेटवर नकाशा काढतो. नकाशा सगळ्यांना खुला. कुणीही आपल्या गावचा रस्ता, विहीर, टँकर थांबायची जागा त्यात भरायची. पगार नाही, गणवेश नाही. तुमच्या पलटणीच्या हिशोबाने, भरती आहे पण रेशन नाही. सातारा-सांगलीत आम्ही नऊजण हे करतो. दोन वर्षं रोज बोलतोय, पण एकमेकांची तोंडं पाहिलेली नाहीत. आणि आता बेंगळुरूच्या मुख्य मंडळींचा मेल आला, की महिनाअखेरपर्यंत दहा सभासद दाखवा, प्रत्येकाची निदान एक नोंद पाहिजे, नाहीतर तुमचा गट कोल्हापूरला जोडून टाकू. मामा, कोल्हापूर. म्हणजे आपल्या रहिमतपूरच्या पाणंदी (हा शब्द मी नकाशामुळे शिकलो, आधी मी बैलगाडीच्या वाटेला फार्म रोड म्हणायचो) कोल्हापूरची पोरं काढणार आणि वर आपल्यालाच समजावून सांगणार. म्हणून ठरवलं, मेळावा घ्यायचा आणि त्यातच दहावा माणूस गाठायचा.

निमंत्रण जरा वजनदार हवं होतं. मी गेलो प्रेसवाल्या मतीनभाईंकडे. त्यांच्याकडे तयार नमुना होता, त्यात नावं बदलायची फक्त. 'आमचे येथे श्रीकृपेकरून नकाशा स्वयंसेवकांचा स्नेहमेळावा योजिला आहे, तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार अगत्य येण्याचे करावे.' मला वाटलं, ही नुसती लिहायची पद्धत असेल. आम्ही शाळेत 'डिअर सर' लिहायचो, तेव्हा ते सर काय लाडके नव्हते. मतीनभाईंनी विचारलं पण, "खरंच सगळ्यांना बोलवायचं आहे का?" मी म्हटलं, अहो फॉरमॅट आहे तो. ते म्हणाले, "बरं," आणि कोपऱ्यात एक गणपती फुकट टाकून दिला.

रविवारी माझ्या हॉलमध्ये (म्हणजे क्लासवाल्या सरांच्या, उधार) बारा खुर्च्या आणि बारा मिसळींची ऑर्डर होती. साडेदहाला जतहून जीप आली. त्यातून आमच्या नऊजणांतला जयराज उतरला, मग त्याचे वडील, दोन चुलते, एक चुलती, आणि काखेत घोंगडं घेऊन त्याची आजी. घोंगडं आहेर होतं. आजी विचारत होत्या, "नवरदेव कुठाय?" जयराजने मला पुढे ढकललं. मग कवठे महांकाळहून सबा आली, सोबत तिची अम्मी नूरजहांचाची आणि तीन भाऊ (एक भाऊ फक्त माझ्याकडे बघायला आला होता, तो दिवसभर तेच करत होता). अकरापर्यंत स्वयंसेवक नऊ आणि माणसं एकसष्ट. बारा मिसळी कुणाला देणार? शेवटी चाचींनी पदर खोचला, शेजारच्यांकडून पातेलं आणलं आणि एकसष्ट माणसांना मसालेभात घातला. मी भाषण तयार केलं होतं, पण लोकांना वाटलं मंगलाष्टकं आहेत, सगळे उभे राहिले.

जेवणानंतर पडद्यावर नकाशा लावला आणि इथून पुढे मामा, जरा बसून वाचा. आपल्या रहिमतपूरची पूजा आमची नववी सभासद. तिच्याबरोबर तिचे आजोबा आले होते. हो, तेच, तुमच्या शेजारचे कृष्णातआबा, ज्यांच्याशी तुमचं सात वर्षं पाणंदीवरून बोलणं नाही. आबा काठी टेकत पडद्याजवळ गेले आणि तुमच्या रानावर बोट ठेवलं. "आरं पोरा, ह्यात नाथाजीचा ऊस दिसतुया, आमची पाणंद कुठं हाय?" मी म्हटलं, आबा, अजून कुणी भरली नाही. "भरली न्हाई, का नाथाजीनं तुला बी फितवलाय? तू त्याचाच भाचा न्हवं?" मग म्हणाले, "पूजे, चप्पल घाल. जिथं आमची वाट न्हाई, तितं आमची पोरगी न्हाई."

पूजा गेली असती तर आम्ही आठ. त्यात बाकीच्या पन्नासेक पाहुण्यांनी एकदम विचारायला सुरुवात केली, की यात नाव घातलं तर सातबाऱ्यावर चढतं का उतरतं. दहावा सभासद व्हायला कुणी तयार होईना. मी दहा मिनिटं लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसलो आणि आबांची समजूत काढली. आबा इतके खूश झाले, की जाताना डोळे पुसत होते. पूजा राहिली. ग्रुप फोटो झाला (स्वयंसेवक त्यात शोधावे लागतात). एकंदरीत कार्यक्रम मस्त पार पडला.

मामींना नमस्कार, घरातल्या लहानग्यांना माझ्याकडून एकेक टपली.

तुमचा भाचा,
वीरधवल

ता. क. सगळं बरं आहे, फक्त एक छोटं काम. तुमच्या मोबाइलवर सहा आकड्यांचा कोड येईल, तो मला सांगायचा. फोनवर मी तीनदा विचारणार होतो, पण 'कोड' म्हटलं की तुम्ही फोन आपटता (कोड कुणाला सांगायचा नाही, हे बँकेच्या शिबिरात शिकलेले सगळ्या जिल्ह्यात तुम्ही एकटेच). म्हणून हे पत्र. कोड दहा मिनिटंच टिकतो, तेव्हा पत्र वाचून झालं की मिस्ड कॉल द्या, मी इकडे बटण दाबतो. महिनाअखेर शुक्रवारी आहे.

ता. क. २. कोड कशाचा, तर नकाशावर मी तुमच्या नंबरने उघडलेल्या खात्याचा, त्याशिवाय ते पक्कं धरत नाहीत. आमचे दहावे सभासद तुम्ही आहात. अभिनंदन.

ता. क. ३. सभासदाची एक नोंद लागते, ती तुमच्या नावाने मीच केली. पाणंद काढली. तुमच्या उसातून. उपग्रहाचा फोटो तुम्ही ती उसात घ्यायच्या आधीचा आहे, त्यात ती चांगली बारा फूट रुंद दिसते, मी मनाचं काहीच घातलं नाही. आबांनी पडद्यावर 'नोंद करणार: नाथाजी' वाचलं आणि तिथेच खाली बसले. म्हणाले, "सात वर्षांनी का हुईना, गडी माणसात आला." उद्या सकाळी ते पेढे घेऊन तुमच्याकडे येणार आहेत. पत्र आधी पोचलं तर ठीक, आबा आधी पोचले तर चहा ठेवा, आणि कोडचं तेवढं त्यांच्यासमोर बोलू नका.